आक्काला तेव्हाच माहीत होतं

माणदेशी

एरवी मी या मंचावर डाळिंबाच्या विभागात लिहितो. या देवाधर्माच्या विभागात आज पहिल्यांदाच येतोय. प्रश्न देवाधर्माचा आहे, पण तो जमिनीतूनच निघालाय, म्हणून आधी जमिनीचं सांगतो. लांबेल, सांभाळून घ्या.

सांगोला तालुक्यात आमची सहा एकर. वडील २०११ साली गेले. वारस तिघं : आई, थोरली बहीण आणि मी. आक्का माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला जायची आणि मी आक्काच्या कडेवर असायचो. सातवीनंतर तिची शाळा सुटली ती मला सांभाळायला. लहानपणी आईची हाक मला जेवढी आठवत नाही तेवढी आक्काची आठवते.

२०१४ मध्ये मी डाळिंब लावायचं ठरवलं. शेततळं, ठिबक, रोपं, सगळ्याला पैसा लागणार होता, आणि सात-बारावर तीन नावं. कुणीतरी डोक्यात भरवून दिलं की बहिणीचं नाव आत्ताच काढ, उद्या भाचे उभे राहतील. भरवणाऱ्याला बोल लावत नाही, मला ते पटलं होतं. मी आक्काला फोन केला, "कर्जाच्या कागदावर तुझी सही लागती, तालुक्याला ये." कागद कर्जाचा नव्हता, हक्कसोडपत्र होतं. आईचीही सही त्याच कागदावर घेतली.

दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात त्या दिवशी मरणाची गर्दी. आक्का एसटीनं आली, पिशवीत माझ्यासाठी धपाटी आणि शेंगदाण्याची चटणी. चष्मा घरी राहिला म्हणाली. ते ऐकून मला आतून बरं वाटलं, आणि ते बरं वाटणं आजही माझ्या अंगावर येतं. तिला कॅमेऱ्यासमोर बसवलं, फोटो काढला. अंगठा यंत्रावर ठेवायला सांगितला, तर यंत्र घेईना. खुरपणी, जळण, शेणकूट करून तिच्या अंगठ्याच्या रेषाच झिजलेल्या. ती पदराला पुसायची, पुन्हा ठेवायची. चौथ्या खेपेला उमटला. मग साहेबांनी विचारलं, "हक्क सोडताय ना बाई, राजीखुशीनं?" आक्कानं माझ्याकडं बघितलं. मी टेबलावरच्या शाईच्या पॅडकडं बघत होतो. "व्हय," ती म्हणाली.

बाहेर आल्यावर तिला साडेसातशेची साडी घेतली. दुकानातच तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला.

बाग चांगली लागली. अडीच एकरांत साडेसातशे झाडं, भगवा वाण. २०१७ चा बहार असा निघाला की व्यापारी बांधावर येऊन बसायचे. २०१८ मध्ये दाजींच्या किडन्या गेल्या, आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू झालं. आक्कानं आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडं पैसे मागितले. पन्नास हजार. ट्रॅक्टरचा हप्ता आहे म्हणून मी नाही म्हणालो. हप्ता होता हे खरं, पण पैसेही होते. २०१९ च्या जानेवारीत दाजी गेले. पन्नास हजारांनी वाचले असते असं नाही, डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. पण शेवटच्या महिन्यात गाडीभाड्याला पैसे नाहीत म्हणून दोन फेऱ्या चुकल्या, हे मला तेराव्याला कळलं.

मग माझी पाळी आली. २०२० च्या परतीच्या पावसात तेल्या आला. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी : पानावर आधी पाणी लागल्यासारखा बारका ठिपका दिसतो, पान उजेडाकडं धरलं की तो तेलकट, आरपार. मग फळावर काळा डाग, आणि काढणीला आलेलं फळ त्या डागातूनच तडकतं. सगळी औषधं मारली. त्यातून जी झाडं वाचली त्यांच्या खोडात भुंगेरा शिरला, सुईनं टोचावं तशी भोकं. २०२२ मध्ये जेसीबी बोलावून बाग उपटली. ट्रॅक्टर विकला. नोव्हेंबरात आईला लकवा मारला, आणि बायकोची कंबर गेलेली, तिला आईला उचलता येईना.

आक्का स्वतःहून आली. आठ महिने राहिली. आईचं हगणंमुतणं, कूस बदलणं, पेज भरवणं, सगळं तिनं केलं. मला एका शब्दानं विचारलं नाही की बागेचं काय झालं, पैशाचं काय झालं.

जून २०२३. मृग कोरडा चाललेला, रात्री वीज गेलेली. आक्का आईच्या पाठीवरची जखम पुसत होती आणि मी मोबाईलची बॅटरी धरून उभा होतो. कुठून बळ आलं माहीत नाही, मी म्हणालो, "आक्का, तो कागद कर्जाचा नव्हता." तिनं वर बघितलं नाही. म्हणाली, "बॅटरी नीट धर." जखमेवर पावडर टाकली, कापड बदललं, आणि मग म्हणाली, "मला ठावं हाय. सायबानं इचारलं न्हवतं का, हक्क सोडताय ना म्हणून? मी काय बहिरी हाय का?"

मी विचारलं, मग सही का केलीस?

"तू माझ्याकडं बघीनास. मला वाटलं, ह्याला लई नड असंल. आईचा पाय धर, कूस वळवायचीय."

आषाढात आई गेली.

आता प्रश्न. कीर्तनात आपण ऐकतो की देव ज्याच्यावर कृपा करतो त्याचं आधी धन काढून घेतो. माझ्या बाबतीत हे शब्दाला शब्द खरं झालंय असं वाटतं. बाग राहिली असती तर मी त्या रात्री ते वाक्य कधीच बोललो नसतो. जेसीबी झाडं उपटत होता तेव्हा राग यायला हवा होता, पण डोळ्यासमोर येत होता तो आक्काचा पदराला पुसलेला अंगठा. कुणीतरी मानगूट धरून मला तिकडं वळवत होतं, आणि तो हात मारणाऱ्याचा नव्हता, एवढं मला नक्की जाणवलं. ती कृपाच होती असं माझं मन सांगतं.

पण मग दाजींचं काय? मी शुद्धीवर यावं म्हणून आक्कानं कुंकू गमवायचं? कृपा माझ्यावर आणि किंमत तिनं भरायची, असा हिशेब देव करतो का? हा विचार आला की हातातली माळ खाली ठेवावीशी वाटते. ज्यांना यातलं कळतं त्यांनी बोला. मला धीर देऊ नका, खरं सांगा.

कृष्णाकाठ

दादा, मीही डाळिंबवालाच. त्या दोन वर्षांत आमच्या शिवारातल्या बहुतेक बागा गेल्या. माझ्या शेजाऱ्यानं आपल्या बहिणीला न मागता वाटा दिला होता, त्याचीही गेली. तेल्या हा जिवाणू आहे. ढगाळ हवेत, पावसाच्या थेंबाबरोबर एका झाडावरून दुसऱ्यावर उडतो. कुणाचं पाप किती ते बघून तो येत नाही. म्हणून 'बाग गेली ती माझ्यासाठी' हे मनातून काढा. दाजींचंही तसंच, किडन्या गेल्या त्या आजारानं. देवानं तुमच्या सुधारणेसाठी कुणाच्या किडन्या घालवल्या नाहीत.

चुकल्या त्या दोन फेऱ्या मात्र तुमच्या. त्या देवावर ढकलू नका. कडक लिहितोय, पण धीर नको असं तुम्हीच म्हणालात.

चंद्रभागातीर

माउली, मी पंढरपूरचा, बावीस वर्षं दिंडीत वीणा धरतो. तुमचं पत्र काल दोनदा वाचलं, रात्री झोप लागली नाही.

आपल्याला घरचंच उदाहरण आहे, देहूचं. १६३० च्या आसपासचा तो दुष्काळ. तुकोबांचं वय विशीच्या थोडं पुढं. वाण्याचं दुकान, महाजनकी, सगळं बसलं. गुरं गेली. पहिली बायको गेली, मुलगा गेला. त्यावरचा 'बरें झालें देवा, निघालें दिवाळें' हा अभंग आपण टाळ कुटत म्हणतो, आणि तुमच्या मनातली 'धन काढून घेतो' ही गोष्ट त्याच वळणाची आहे.

पण तो अभंग सावकाश वाचा. कशाकशाला ते 'बरें झालें' म्हणतात? दिवाळं निघालं ते. दुष्काळानं पीडा दिली ती. जनात अपमान झाला तो. धन गेलं, ढोरंगुरं गेली ती. दुसऱ्या बायकोच्या कर्कशपणालाही बरं म्हटलंय. पहिली बायको भुकेनं मेली, तिला मात्र त्या यादीत जागा नाही. तिचं मरण दुसऱ्या अभंगात आहे, जिथं ते आपली कुळकथा सांगतात : 'स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली.' तिथं 'बरें झालें' नाही. तिथं आहे ती लाज आणि दुःख.

इतकी वर्षं मी दोन्ही अभंग म्हणत आलो आणि हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. तुमच्या प्रश्नामुळं आलं. आपलं जे गेलं त्याला बरं म्हणायचा अधिकार माणसाला आहे. दुसऱ्याच्या जिवाचं जे गेलं त्याला या दोन अभंगांत तरी तुकोबांनी बरं म्हटलेलं नाही. म्हणून बागेला कृपा म्हणा, मी तुमच्याबरोबर टाळ वाजवीन. दाजींच्या मरणाला तो शब्द लावू नका, आणि लावता येत नाही म्हणून माळही ठेवू नका.

आणखी एक. संतांची चरित्रं लिहिणाऱ्या महिपतींनी लिहून ठेवलंय की तुकोबांनी लोकांकडच्या येण्याची कर्जखतं इंद्रायणीत सोडली. ती सगळी नव्हती हो. निम्मी धाकट्या भावाची, कान्होबाची होती, ती त्याच्या हवाली केली. बुडवली ती आपल्या वाट्याची. एवढं वैराग्य अंगात भरलेलं असतानाही भावाचा वाटा कुठला आणि आपला कुठला हे त्यांना बरोबर ठाऊक होतं. तुमच्या आक्कांच्या वाट्याचं तुम्ही लिहिलं नाहीत. तो अजून तुमच्याच नावावर आहे का?

माहेरवाशीण

मी शेवटच्या प्रश्नासाठीच लिहायला बसले होते, तो आधीच विचारला गेला. बरं झालं.

मी अशाच कागदावर सही केलेली बहीण आहे. माझ्या भावानं खोटंही सांगितलं नाही, सरळ म्हणाला, सोड. मी सोडलं. बाहेरून बघणाऱ्याला तो मनाचा मोठेपणा वाटतो. आतलं सांगू? सही केली नाही तर दिवाळीला जायला घर राहणार नाही, ही भीती. आई म्हातारी झाल्यावर तिला भेटायला गेले तर वहिनी पाण्याचा तांब्या पुढं करील की नाही, ही भीती. आम्ही जमीन सोडतो आणि माहेर विकत घेतो. ते साडीचोळीच्या कागदात गुंडाळून आम्हाला देतात.

आक्कांनी क्षमा केली असेल. त्यांची माया खरी आहे, आठ महिने कुणी नाटक करत नाही. पण दादा, तुम्ही म्हणता 'तिला माहीत होतं' आणि त्यात तुम्हाला देवाची दया दिसते. मला त्यात दिसते ती अशी एक बाई, जी ते ओझं नऊ वर्षं एकटी वागवत होती. दाजींना तिनं सांगितलं असेल का? पन्नास हजार मागायला आली तेव्हा तिला माहीत होतं की ती आपल्याच जमिनीचे पैसे मागतेय. तरी तिनं ते उसने म्हणून मागितले. हे एकदा डोळे मिटून बघा.

तुम्ही तिची माफी मागितलीत. तिला काय हवंय, ते विचारलंत का?

माणदेशी

माहेरवाशीण ताई, उसने म्हणूनच मागितले होते. "सुगी झाली की देते" म्हणाली होती. मी हे विसरलो होतो. तुमचं वाचून बांधावर जाऊन बसलो, घरात बसवेना.

वीणेकरी महाराज, हो, अजून माझ्याच नावावर आहे. तिच्या हिश्श्याची दोन एकर देतो म्हणालो होतो, आईच्या वर्षश्राद्धाला. ती म्हणाली, "मला काय करायची आता?" मी तेवढ्यावरच थांबलो. खरं सांगायचं तर ती नको म्हणाल्यावर मला हायसं वाटलं.

नगरच्या बाई

मी ख्रिस्ती आहे, अहिल्यानगरची, आयुष्यभर मिशनच्या दवाखान्यात परिचारिका होते. माझ्या सासूबाई तुकोबा आणि शुभवर्तमान दोन्ही म्हणायच्या, त्यामुळं या धाग्यावर मला परकं वाटत नाही. आमच्याकडची एक गोष्ट तुमच्या गोष्टीला इतकी लागून आहे की ती सांगितल्यावाचून राहवत नाही. बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकातली, योसेफाची.

योसेफ सतरा वर्षांचा. त्याच्या भावांनी त्याला कोरड्या विहिरीत टाकलं आणि वर बसून भाकर खाल्ली. मग चांदीच्या वीस नाण्यांना व्यापाऱ्यांच्या हाती विकलं. झग्याला बकऱ्याचं रक्त लावून म्हाताऱ्या बापाला दाखवलं. वीस-बावीस वर्षांनी दुष्काळ पडला आणि तेच भाऊ धान्यासाठी मिसर देशात, म्हणजे इजिप्तला गेले, तर कोठारांचा अधिकारी योसेफच. त्यानं त्यांना ओळखलं, त्यांनी त्याला नाही. त्यानं तीन दिवस त्यांना कोंडलं. तेव्हा ते आपसात आपल्या भाषेत म्हणू लागले की आपण भावाचे अपराधी आहोत, तो गयावया करत होता आणि आपण ऐकलं नाही. मध्ये दुभाष्या असल्यामुळं त्यांना वाटलं, ह्याला आपलं बोलणं कळत नाही. त्याला सगळं कळत होतं. तो बाजूला जाऊन रडला.

तुमचं 'मी काय बहिरी हाय का' वाचलं तेव्हा मला हा दुभाष्याच आठवला.

आता तुमच्या प्रश्नाकडं येते. आमचे प्रवचनकार योसेफाचं एक वाक्य फार वापरतात. तो भावांना म्हणतो, तुम्ही माझं वाईट योजलंत, देवानं त्यातून चांगलं योजलं. मोठं वाक्य आहे. पण ते कोण बोलतं ते बघा. विकला गेलेला बोलतो. विकणाऱ्या भावांपैकी एकानंही ते कधी उच्चारलेलं नाही. पुढं योसेफ सगळ्यात धाकट्या भावाला अडकवून ठेवू लागतो, तेव्हा त्या भावांतला यहूदा फक्त एवढं म्हणतो की देवानं तुमच्या दासांचा अपराध उघडकीस आणला आहे, आणि मग, धाकट्याला सोडा, त्याच्या जागी मला गुलाम ठेवा. विकायची कल्पना मुळात त्याचीच होती.

म्हणून मला वाटतं, दाजींच्या आजारातून, तुमच्या खोट्यातून देवानं काही चांगलं काढलं की नाही हे वाक्य आक्कांचं आहे. त्या कधी बोलल्या तर ऐका. नाही बोलल्या तर त्यांच्या वतीनं तुम्ही बोलू नका. तुमच्या वाट्याला यहूदाचं वाक्य आलंय. तेही कृपेशिवाय कुणाच्या तोंडून निघत नाही, हे मी मरणाच्या खाटांशेजारी उभी राहून सांगते. माणसं शेवटच्या श्वासापर्यंत 'माझं चुकलं' हे दोन शब्द दाबून धरतात. एका म्हातारबाबांच्या मुठीत मी धाकट्या भावाचं पत्र पाहिलंय, न उघडलेलं. हातात बॅटरी धरलेली असताना तुमच्या तोंडून ते शब्द निघाले. तो मानगुटीवरचा हात मारणाऱ्याचा नव्हता, हे तुम्ही बरोबर ओळखलंत.

बाप याकोब ती सगळी वर्षं मुलाला मेलेला समजून रडत होता. ती वर्षं त्याला कुणी परत दिली नाहीत, आणि आमचं शास्त्र ती दिली असं म्हणतही नाही. काही हिशेब उघडेच राहतात. तशाच उघड्या हिशेबासकट मी रोज प्रार्थनेला बसते.

कोर्टकचेरी

वकील आहे, म्हणून फक्त कागदाचं सांगतो.

फसवून घेतलेलं हक्कसोडपत्र रद्द करायला दावा लावता येतो, पण फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांच्या आत. आक्कांना ती त्याच दिवशी कळली होती. म्हणजे त्या गप्प राहिल्या आणि २०१७ मध्ये त्यांचा रस्ताही बंद झाला. कायद्यानं त्यांच्या हातात आता बहुधा काही उरलेलं नाही. जे आहे ते तुमच्या हातात आहे.

तुम्ही बक्षीसपत्र करून देऊ शकता. बायको-मुलांना शेतजमीन बक्षीस दिली तर मुद्रांक नाममात्र रकमेत भागतो, बहिणीला ती सवलत नाही, शुल्क भरावं लागेल. ते तुम्ही भरा, त्यांच्यावर टाकू नका. मग फेरफार, मग सात-बारा. तुकडेबंदीचा, म्हणजे ठरलेल्या मापाहून लहान तुकडा पाडायला असलेल्या बंदीचा, अडसर येत नाही ना, ते तलाठ्याकडं आधी बघून घ्या.

आणि दोन एकर कुठून काढलेत? तीन वारस धरून तिसरा हिस्सा, बरोबर. पण आईंचा हिस्साही त्याच कागदानं तुमच्याकडं आला. तो कागद झाला नसता तर आई गेल्यावर त्यांचे वारस तुम्ही दोघंच होता. मग निम्मी होते. तीन एकर.

माणदेशी

दोन महिन्यांनी लिहितोय. सगळ्यांचं पुन्हा पुन्हा वाचलं.

तीन एकरचं गणित मला आधी कसं सुचलं नाही, याचा विचार करत होतो. सुचलं नाही असं नाही, मी तिकडं बघत नव्हतो. शाईच्या पॅडकडं बघत होतो तसंच.

आक्काकडं गेलो. या वेळी 'देऊ का' असं विचारलं नाही, कारण ती नकोच म्हणणार. माहेरवाशीण ताईंचा प्रश्न विचारला, तुला काय पायजे. ती तांदूळ निवडत होती. बराच वेळ काही बोलली नाही. मला वाटलं टाळतेय. मग म्हणाली, "विहिरीकडची बाजू." तिकडं वडिलांनी लावलेली चिंच आहे. लग्न ठरवायला दाजी पहिल्यांदा आले तेव्हा त्या चिंचेखाली बसले होते, घरात जागा नव्हती म्हणून. मला हे माहीतच नव्हतं, मी तेव्हा दहा वर्षांचा.

ती विहिरीकडची बाजू म्हणजे माझी सगळ्यात चांगली जमीन. खोटं कशाला बोलू, पोटात गोळा आला. तिथंच या वर्षी नवीन रोपं लावायची होती. बायकोला सांगितलं. ती कमरेला पट्टा बांधून चुलीपुढं बसली होती. म्हणाली, "मग काय, त्यांचीच हाय." तिनं माझ्याआधी मान्य केलं.

आक्काला मी दाजींबद्दलही विचारलं, त्यांना तू सांगितलं होतंस का. ती म्हणाली, "सांगितलं आसतं तर तुझ्या दारात पुन्हा आलं आसतं का ते? तुला बोलायला माणूस कुठं ऱ्हायला आसता?" म्हणजे ताई, तुमचं खरं निघालं, ती एकटीच होती. ते चुकलेल्या दोन फेऱ्यांचं मी स्वतः काढलं. ती रडली. मला वाटलं होतं ती 'जाऊ दे' म्हणेल. ती तसं म्हणाली नाही. मी तिथंच बसून राहिलो, संध्याकाळपर्यंत. निघताना तिनं जेवून जा म्हटलं.

नगरच्या बाई, ते चांगलं निघाल्याचं वाक्य तिनं म्हटलेलं नाही. मी वाट बघत नाही. बागेचं मात्र मी म्हणतो, रोज म्हणतो, बरं झालं. माळ हातात आहे. परवा कार्तिकीला चंद्रभागेच्या वाळवंटात वीणेकरी महाराज भेटले, त्यांच्या पायाशी बसून दोन्ही अभंग म्हटले. दुसरा मला शेवटपर्यंत म्हणवला नाही, ते म्हणत राहिले.

बक्षीसपत्राचा मसुदा काल आला. आक्काला वाचून दाखवायला घेऊन गेलो, शब्दन् शब्द. तिनं चष्मा लावून शेजारी बसून बोट फिरवत ऐकलं. 'नैसर्गिक प्रेमापोटी बक्षीस देत आहे' या ओळीवर तिचं बोट थांबलं.

"बक्षीस कसलं रं? माझंच हाय की ते."

मी तिथूनच वकिलांना फोन लावला. ते म्हणाले, कागदाचं नाव तेच लागतं, पण आत एक ओळ घालता येईल की ही जमीन मूळची बहिणीच्या हिश्श्याची होती. ती ओळ कशी लिहायची ते आक्कानं सांगितलं आणि मी लिहून घेतली. सोमवारी नोंदणी आहे. अंगठा यंत्रावर उमटावा म्हणून ती चार दिवस भांडी राखेनं घासत नाहीये, खोबरेल लावून बसलीय.